वजनफीत: पहिली कालवड घेणाऱ्याने आधी घ्यायची वस्तू

जनावरांची वजनफीत शिंप्याच्या टेपसारखीच दिसते, फक्त लांबीला अडीच मीटर. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला किलो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवायची आणि जिथे टोक येऊन मिळेल तिथला किलोचा आकडा वाचायचा. बॅटरी नाही, ॲप नाही. तीन वर्षांत मी अशा दोन फिती वापरल्या. पहिलीने मला चुकीच्या वाटेला लावलं, दुसरी आजही रोजच्या वापरात आहे. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण गुरं पाळायची इच्छा असलेली माझ्या वयाची मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवातीला काय घेऊ? माझं उत्तर दूध काढायचं यंत्र नाही, कडबाकुट्टी नाही आणि दुभती गायही नाही. एक कालवड घ्या आणि एक वजनफीत घ्या.

दुभत्या गाईपासून सुरुवात केली की पहिल्या दिवसापासून चूक अंगावर येते. एका सडाची सूज वेळेवर कळली नाही तर त्या सडाचं दूध कायमचं कमी होऊ शकतं. गाय आधीच्या मालकाकडे काय खात होती, किती वेळा आजारी पडली, काही माहीत नसतं. कालवड आपल्याबरोबर वाढते आणि शिकायला वेळ देते. तिची एकच अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा व्यायेपर्यंत साधारण दोन वर्षं जातात आणि तोवर तिच्याकडून एक पैसा येत नाही. त्या दोन वर्षांत मी माझी नोकरी सोडली नव्हती. पहिल्या महिन्यापासून दुधाचा पैसा हवा असेल तर माझा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही.

माझी पहिली कालवड, चांदणी, मावशीच्या गोठ्यात जन्मली. होल्स्टीनची संकरित, कपाळावर पांढरा ठिपका. मावशीने तिच्या बेंबीला 7 टक्क्यांचं आयोडीन लावलं आणि मला म्हणाली, "आता चीक पाज. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. किती असेल हिचं वजन, सांग बघू." मी ठोकून दिलं, पन्नास किलो. मग आदल्याच आठवड्यात घेतलेली फीत काढली. 73 सेंटिमीटर, 34 किलो. म्हणजे चीक हवा होता साडेतीन लिटरच्या आत आणि मी पाच लिटर काढून ठेवायला निघाले होते. डोळ्यांवर किती विसंबायचं ते मला त्या रात्री कळलं.

चिकाच्या बाबतीत हा आकडा का महत्त्वाचा, तेही सांगते. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक घटक वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. त्याला जे संरक्षण मिळतं ते पहिल्या चिकातून आणि आतड्याचं हे दार 24 तासांत बंद होतं. पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त शोषलं जातं, म्हणून शक्यतो दोन तासांच्या आत पाजायचं. चीक दाट दिसला म्हणजे चांगला, असंही नाही. मावशीकडे ब्रिक्स, म्हणजे चिकात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर आहे, त्यावर दोन थेंब टाकून बघतात. 22 टक्के किंवा वर असेल तर चांगला. आमचा 24 भरला. फीत घेतल्यावर पुढची वस्तू घ्यायची तर हीच घ्या. तिसरा साधा डिजिटल थर्मामीटर. वासराचं तापमान साधारण 38.5 ते 39.5 सेल्सिअस असतं. सकाळी दूध नाकारलं की आधी थर्मामीटर लावायचा.

आता फीत लावायची कशी, कारण दुकानदाराने मला पाकीट दिलं तेव्हा त्यात सूचनेचा कागदसुद्धा नव्हता. जनावर सपाट जमिनीवर हवं, चारही पाय सरळ, मान ना खाली ना वर. बादलीत तोंड घातलेलं असताना घेतलेलं माप मी धरत नाही. फीत कोपराच्या लगेच मागून आणि वर खांद्याच्या लगेच मागून गेली पाहिजे, पिळा न पडता. वशिंड असलेल्या जनावराला ती वशिंडाच्या मागून घ्यायची. केस दबतील इतकी घट्ट, कातडी दबेल इतकी नाही. तीन वेळा मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा. माझ्या फितीवर 100 सेंटिमीटरच्या आसपास एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अडीच किलो आणि 150 च्या आसपास तोच एक सेंटिमीटर पाच किलोंचा होतो. म्हणजे जनावर जितकं मोठं, तितका हात स्थिर हवा.

वासरू उभंच राहत नाही, ही तक्रार मला बरेच जण सांगतात. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांनी गुरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी मांडलेल्या दोन गोष्टी मला फीत लावताना रोज कामाला येतात. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस शिरला की ते सरकतं. आणि खांद्याशी एक समतोल बिंदू असतो. तुम्ही खांद्याच्या पुढे उभे राहिलात तर ते मागे जातं, मागे उभे राहिलात तर पुढे जातं. मी बरोब्बर खांद्याशी उभी राहते, हात आधी पाठीवर ठेवते, थोडी थांबते, मग फीत छातीखालून घेते. थेट मागून कधीच जात नाही, तिथलं त्यांना दिसत नाही. चांदणी दुसऱ्या आठवड्यापासून फीत बघून स्वतःहून उभी राहायची. दर रविवारी सकाळी हात लावून घ्यायची सवय तिला तेव्हापासून लागली. पुढे तिच्या कासेला पहिल्यांदा हात लावला तेव्हा ती पाय झाडून लांब झाली नाही. माझ्या मते फितीचा हा फायदा वजनाच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

दुसरी कालवड, तांबू, मी विकत घेतली. जर्सी, तीन आठवड्यांची. त्याआधी मी दुसरीच एक कालवड बघून आले होते, दिसायला तिच्याहून देखणी आणि वजनाला चांगली. मावशीने फोनवर एकच विचारलं, "एकटी जन्मली का जुळ्यातली?" जुळ्यातली होती आणि जोडीचा नर होता. मावशी म्हणाली, परत फिर. नराबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, कारण पोटात असताना दोघांच्या वारेतला रक्तप्रवाह जोडला जातो आणि नराच्या अंतःस्रावामुळे मादीची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. मालकाने ते आपणहून सांगितलं नव्हतं. फितीने हे कळत नाही, विचारूनच कळतं. वासरू घेताना आणखी दोन प्रश्न मी आता नेहमी विचारते: पहिला चीक किती तासांनी पाजला आणि आजवर हगवण लागली होती का.

तांबूच्या बाबतीत मी जी चूक केली ती मला आजही बोचते. आठव्या आठवड्यात तिचं दूध बंद केलं. चांदणीचं त्याच वयाला बंद केलं होतं. ती 34 ची 69 किलोंवर पोचली होती, म्हणजे जन्माच्या वजनाच्या दुप्पट, आणि खुराकाची थाळी चाटूनपुसून खात होती. म्हणून वाटलं, आठ आठवडे झाले, पुरे झालं. तांबू दिसायलाही भरली होती. पोट दोन्ही बाजूंनी टम्म. शेजारचे काका म्हणाले, "चांगली धरली आहे हो तब्येत." मीही खूश होते. रविवारी फीत लावली, 83 सेंटिमीटर, 47 किलो. पुढच्या रविवारी 83. त्याच्या पुढच्या रविवारी साडेब्याऐंशी.

मी फीत उलटीसुलटी करून बघितली. परत मोजलं. मग फीत तिथून काढून पोटाभोवती धरली आणि छातीच्या मापाशी ताडून बघितली. पोट छातीपेक्षा कितीतरी जास्त होतं. मग बाजूला उभं राहून नीट बघितलं, तेव्हा बरगड्यांच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसले. केस राठ झाले होते. डोळ्याला पोट दिसत होतं आणि मी त्यालाच तब्येत समजत होते. फीत पोट मोजतच नाही, ती छाती मोजते, म्हणून ती खरं बोलली.

कारण साधं होतं. मी तिच्यापुढे दिवसभर वाळका चारा टाकत होते आणि काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा दाण्यांचा खुराक, ती जेमतेम चारशे ग्रॅम खात होती. लहान वासराचं दूध कोठीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या पोटात, जातच नाही. चोखताना अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. कोठीपोट तयार होतं ते खुराकाचे दाणे तिथे आंबून. त्यातून निघणाऱ्या ब्युटिरिक आम्लाने आतल्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे फुटतात आणि अन्न शोषायची ताकद येते. नुसता चारा पोट ताणतो, उंचवटे फारसे वाढवत नाही. आणि दाणे आंबायला पाणी लागतं. दूध तिकडे जात नाही, तेव्हा वेगळं स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर हवं. तांबूच्या आधीच्या मालकाने ते ठेवलं नव्हतं आणि मीही पहिले काही दिवस विसरले.

मी दूध परत सुरू केलं, दोन वेळचं. चारा कमी करून स्टार्टर थोडा थोडा, ताजा, दिवसातून तीनदा. तीन आठवड्यांनी ती सलग तीन दिवस जवळजवळ एक किलो खायला लागली, तेव्हा आठवडाभरात हळूहळू दूध तोडलं. तेव्हापासून माझ्या वहीत दूध बंद करायची तारीख वयावरून लिहिलेली नसते. खुराक किती ग्रॅम खाल्ला, ते लिहिलेलं असतं. छोट्या जातीच्या वासराला एक किलोपेक्षा थोडं कमी चालतं, पण "आठ आठवडे झाले" हे कारण पुरेसं नाही.

आता पहिल्या फितीची तक्रार. ती मऊ प्लास्टिकची होती, आत धागा नव्हता. पाचव्या महिन्यात चांदणीची वाढ अचानक मंदावल्याचं वहीत दिसायला लागलं. मी खुराक बदलला, जंत असतील म्हणून शेण तपासून आणलं, डॉक्टरांना बोलावलं. काहीच सापडलं नाही. शेवटी एका दुपारी सुताराची लोखंडी टेप शेजारी ठेवून बघितलं. फितीवरचे 100 सेंटिमीटर प्रत्यक्षात साडेएकशेएक भरले. फीत ताणली गेली होती, म्हणून दर वेळी चार-पाच किलो कमी दाखवत होती. मी ती कोमट पाण्याने धुऊन उन्हात वाळत घालायचे, त्यानेही भर पडली असेल. पण पाच महिन्यांत ताणली जाणारी वस्तू मोजमापाला विकायचीच कशाला? दुकानात सांगितलं तर "सगळ्या अशाच असतात" म्हणाले. सगळ्या अशा नसतात.

दुसरी फीत फायबरग्लासचा धागा असलेली आहे. घेताना दुकानातच लोखंडी टेपला लावून बघितली, तुम्हीही बघा. तिच्या टोकाला धातूची कडी आहे, एकट्याने मोजताना ती फार उपयोगाची. आकडे कोरलेले नाहीत, छापलेले आहेत, एवढी एक उणीव.

दोघी सहा महिन्यांच्या झाल्या तेव्हा जनावरांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन खरं वजन केलं. चांदणी फितीवर 147, काट्यावर 143. तांबू फितीवर 105, काट्यावर 97. हा फरक समजून घेतला पाहिजे. बहुतेक फिती होल्स्टीनच्या मापांवरून बनवलेल्या असतात. आखूड बांध्याच्या जनावराला त्या जास्त वजन दाखवू शकतात, कारण फितीला लांबी ठाऊकच नसते. अशा जनावरासाठी जुनं सूत्र जास्त जवळ जातं: छातीचा घेर इंचात घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला शरीराच्या लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं, उत्तर किलोत येतं. लांबी मोजायची ती खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडाच्या टोकापर्यंत. तांबूचा घेर 43 इंच, लांबी 35 इंच. उत्तर 98. काट्याशी एका किलोचा फरक. म्हशीच्या पारडीला तर होल्स्टीनची फीत मी वापरणारच नाही.

पण काट्यालाही एक खोड आहे. पाणी पिऊन आलेलं जनावर काट्यावर दहा किलोंनी जड भरू शकतं, छातीच्या घेरात तो फरक फारसा पडत नाही. म्हणून आठवड्या-आठवड्याची वाढ बघायला मला फीतच बरी वाटते. फीत तीच, हात तोच, वेळ तीच असली की दोन मापांमधला फरक भरवशाचा असतो.

औषधाच्या बाबतीत तर फितीशिवाय हात लावू नये. जंताच्या औषधाची मात्रा किलोवर असते. फेनबेंडाझोल गुरांना प्रत्येक किलोला 5 मिलिग्रॅम देतात. वजन कमी धरून औषध दिलं की सगळे जंत मरत नाहीत आणि जे उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. औषध कोणतं आणि कधी, ते डॉक्टर ठरवतात. "किती किलोंची आहे" असं ते विचारतात तेव्हा अंदाजपंचे उत्तर देऊ नका.

सगळ्यात मोठा निर्णय फितीने दहाव्या महिन्यात घेऊन दिला. चांदणी माजावर आली. दिवसभर हंबरत होती, दुसऱ्या गाईंवर चढत होती. मला कृत्रिम रेतनवाल्यांना फोन करायची घाई झाली, एक-दोघांनी भरवून टाकायचा सल्लाही दिला. फीत लावली, 141 सेंटिमीटर, 225 किलो. तिच्या आईचं पूर्ण वाढीचं वजन 540. कालवड भरवायची ती पूर्ण वाढलेल्या वजनाच्या 55 ते 60 टक्क्यांवर, म्हणजे तिच्यासाठी किमान 297. सत्तर किलो कमी होते. कमी वजनाची कालवड गाभण राहते, पण विताना अडू शकते आणि पुढे दूधही कमी देऊ शकते. माज दर 21 दिवसांनी परत येतो, एक माज चुकवल्याने काही बिघडत नाही. पुढचे माज मी फक्त तारखा लिहून सोडून दिले. चौदाव्या महिन्यात फीत 156 वर आली, 300 किलो. सकाळी माज दिसला, संध्याकाळी रेतन केलं. दोन वर्षांना महिनाभर कमी असताना ती व्यायली. वासरू सरळ आलं, ओढावं लागलं नाही.

घ्यायची तर अशी घ्या: धागा असलेली, अडीच मीटरची, एका बाजूला सेंटिमीटर असलेलीच. नुसते किलो छापलेली घेऊ नका, कारण जात बदलली की तुम्हाला सेंटिमीटरच लागतील. दर महिन्याला लोखंडी टेपशी पडताळा. गार पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, बाहेरच्या गोठ्यातून मागून आणलेली फीत आपल्या वासराला लावू नका आणि आपली कोणाला देऊ नका. फितीबरोबर रोग फिरतात.

माझी दुसरी फीत गोठ्याच्या दाराआडच्या खिळ्याला असते. गेल्या रविवारी पडताळली, 100 ला 100. फक्त 70 ते 80 चे आकडे पुसट झाले आहेत. चांदणीच्या वासराला सध्या तिथेच मोजते, म्हणून ते काळ्या मार्करने पुन्हा लिहून काढले आहेत.